मिसेस नावाची घोडी

स्टोनी फ्लॅट, नेवाडा
९ सप्टेंबर १९९१

प्रिय आयडेल प्रुएट यांस,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी मर्ना, हॉलिसची बायको. तुमच्यानंतरची.

हॉलिस गेल्याचं तुम्हाला कळलं आहे. तुमचं कार्ड आलं होतं, आत एक अक्षर नव्हतं. तुमचा फोन नंबर माझ्याकडे आहे, पण खरं सांगते, मला तुमचा आवाज ऐकायचा नाही. म्हणून पत्र.

काम घोडीचं आहे. तुमच्या वेळची, माळावरून पकडून आणलेली ती तांबूस, कुमैत घोडी अजून आहे. अठरा वर्षांची झाली. दोन ऑगस्टला हॉलिस कुंपणाची तार ओढता ओढता कोसळला, तेव्हापासून ती कुणालाही वीस पावलांच्या आत येऊ देत नाही. नालबंद दोनदा येऊन हात हलवत परत गेला. तिचे खूर वाढलेत, पुढच्या डाव्या खुराला चीर पडली आहे. नालबंद म्हणतो, बर्फ पडायच्या आत खूर तासले नाहीत तर ती कायमची लंगडी होईल. शेजारचा ऑर्व्हल म्हणतो, "मर्ना, तुझ्याच्याने होणार नाही. एक गोळी, आणि तिचेही हाल संपतील." तो वाईट माणूस नाही. मला त्याचं पटायला लागलं आहे, याचीच भीती वाटते.

मी रीनोची. वीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे कामाला होते. सात वर्षं या घरात आहे, पण या घोडीला एकदाही हात लावलेला नाही. हॉलिस लावू देत नसे. "तिला फक्त मी चालतो," म्हणायचा. तिचं नाव 'मिसेस' हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी नवी आले तेव्हा दुकानात लोक विचारायचे, "हॉलिस, मिसेस कशी आहे?" आणि तो घोडीची तब्येत सांगायचा. मी शेजारी उभी असायची.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याने मला एकच गोष्ट सांगितली होती. चाळीस दिवस तो वाडग्यात, तिच्या कुंपणाच्या आत, तिच्याकडे पाठ करून बसला, मोठ्याने वर्तमानपत्र वाचत. चाळिसाव्या दिवशी तिने त्याच्या खांद्यावर नाक टेकलं. मी तेव्हाच ठरवलं, जो माणूस एका जनावरासाठी इतकं थांबतो त्याला नाही म्हणायचं नाही.

तुम्ही तेव्हा या घरात होतात. त्याने नक्की काय काय केलं, ते लिहून कळवा. माझ्यासाठी नको, घोडीसाठी.

मर्ना


ट्विन फॉल्स, आयडाहो
१६ सप्टेंबर

मर्ना यांस,

घोडीसाठी लिहिते आहे.

माळावरचे घोडे पकडून सरकार ज्या वाडग्यात ठेवतं, तिथून १९७७ च्या वसंतात आम्ही तिला आणलं. चार वर्षांची होती. इतर घोड्या एकमेकींच्या आड लपत होत्या. ही गवताच्या ढिगापाशी उभी राहून कुणी आधी खायचं ते ठरवत होती. तिथला माणूस म्हणाला, "ही घरची मालकीण दिसते." तेव्हाच मी तिचं नाव मिसेस ठेवलं. हो, मी ठेवलं. तुम्हाला त्याचा त्रास झाला असेल तर ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं, कारण तुम्ही तेव्हा कुठेच नव्हतात.

तिचा स्वभाव सांगते. हौदातलं पाणी ती पाच दिवस प्यायली नाही, तळाशी दगड आणि चिखल टाकला तेव्हा प्यायली. सफरचंद काय असतं हे तिला ठाऊक नाही, खायला दिलंत तर ती तुमच्याकडे वेड्यासारखं पाहील. टोपीचा राग येतो. हातमोजे पळवते आणि नेऊन पाण्यात टाकते. दुसरे घोडे झोपले की ही उभी राहून राखण करते. वासराला आपल्या पुढ्यातलं खाऊ देते, घोड्याला नाही. आणि एकदा रुसली की दिवस मोजत नाही.

रोज एकाच वेळी जा. टोपी नको, दोर नको. बादली पालथी घालून तिच्याकडे पाठ करून बसा आणि काहीही वाचा, पण थांबू नका. बियाण्यांची यादी चांगली, तिच्यात चढउतार नसतो. कोबी, गाजर, मुळा. डोळ्यांत बघू नका. ती जवळ आली म्हणून वळू नका. शेहेचाळीस दिवस लागले होते, चाळीस नाही. अगदी हाताच्या अंतरावर येऊन उभी राहायला लागली की उठा, आणि कुठल्याही घोड्याला धरतात तसं डाव्या खांद्याकडून सावकाश जा.

ऑर्व्हलला सांगा, बंदूक घरी ठेव.

आयडेल


स्टोनी फ्लॅट
५ ऑक्टोबर

प्रिय आयडेल,

आज सतरावा दिवस. सकाळी नऊला बसते. घरात बियाण्यांची यादी सापडली नाही, म्हणून हॉलिसच्या ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका वाचते. तेल कधी बदलावं हे मला आता तोंडपाठ आहे आणि बहुधा तिलाही.

पहिले पाच दिवस ती पार टोकाला होती. सहाव्या दिवशी फुरफुरली. नवव्या दिवशी मला शिंक आली आणि सगळं मुसळ केरात, पुन्हा टोकाला. कालपासून दहा पावलांवर येऊन उभी राहते. मी न वळता मोजते, तिच्या श्वासावरून. तुम्हाला हसू येईल, पण कालचा दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसासारखा वाटला.

आता मला सतावणारं विचारते. तुम्ही लिहिलंत 'बियाण्यांची यादी'. हॉलिस 'वर्तमानपत्र' म्हणायचा. तुम्ही लिहिलंत 'शेहेचाळीस'. खिडकीतून बघत होतात का? शेहेचाळीस दिवस रोज? एखादीला नवऱ्याचं इतकं कौतुक असतं, की इतका राग असतो?

हॉलिसने मला सांगितलं होतं की तुम्ही घोडीवर जळत होतात. "एक तर ती या घरात राहील नाहीतर मी," असं म्हणालात आणि निघून गेलात. मी तेव्हा तुमची कीव केली होती. आता सात वर्षं काढल्यावर नाही करत. रोज संध्याकाळी तो तासभर तिच्यापाशी उभा असायचा. स्वयंपाकघरातून त्याच्या बोलण्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मग घरात आला की, "जेवायला काय?" बस्स. मी एकदा विचारलं, "तिच्याशी काय बोलतोस?" म्हणाला, "तुला नाही कळायचं."

मी वाडग्यात शिरले की ती माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या रस्त्याकडे बघते. त्याचीच वाट बघत असणार. मेलेल्या माणसाशी कशी बरोबरी करायची, हे तुमच्या यादीत नव्हतं.

मर्ना


ट्विन फॉल्स
१० ऑक्टोबर

मर्ना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला 'अहो-जाहो' आता जमणार नाही.

खिडकीत कुणी नव्हतं. बादलीवर मी होते. त्या वसंतात हॉलिस दोन महिने खाणीवर कामाला गेला होता. घोडी आणून वाडग्यात सोडली आणि तिसऱ्या दिवशी तो निघून गेला. जाताना म्हणाला, "गवत-पाणी टाकत जा, जवळ जाऊ नकोस. आल्यावर मी बघतो." मी अठ्ठावीस वर्षांची होते, मैलभरात माणूस नव्हतं. करायला दुसरं काय होतं? शेहेचाळिसाव्या दिवशी तिने माझ्या खांद्यावर नाक टेकलं. माझ्या. मी गाजरापर्यंत आले होते, पुढे वाचताच येईना.

तो परतला तेव्हा ती माझ्या मागे मागे वाडगाभर फिरत होती. तो कुंपणाला टेकून बघत राहिला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग दुकानात सांगायला लागला, "आम्ही तिला माणसाळवलं." वर्षभरात 'आम्ही'चं 'मी' झालं. एकदा वीस माणसांसमोर मी म्हटलं, "हॉलिस, ते मी केलं होतं." सगळे हसले. तोही हसला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हो हो, ही खिडकीतून बघत होती." तू अगदी तोच शब्द लिहिलास, म्हणून सांगते.

घोडी की मी, असं मी कधीच म्हटलं नाही. मी निघाले तेव्हा म्हटलं होतं, "घर ठेव, गाडी ठेव, ती मला दे." तो म्हणाला, "कागद माझ्या नावावर आहेत." ती कुंपणाच्या कडेने माझ्या गाडीबरोबर धावत आली, कुंपण संपेपर्यंत. आठ वर्षं झाली.

तेव्हा ती रस्त्याकडे कुणाची वाट बघते हे तू ठरवू नकोस. आणि तू रोज नऊ वाजता जिथे बसतेस ती माझी जागा आहे, एवढं ध्यानात असू दे.

आयडेल


ट्विन फॉल्स
४ नोव्हेंबर

मर्ना,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. रागावली असशील म्हणून पहिला आठवडा काढला. रागवावंस अशी माझी इच्छाही होती. दुसऱ्या आठवड्यापासून टपालवाल्याची गाडी दिसली की मी रस्त्यापर्यंत धावत जाते.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. हे पत्र वेळेवर पोचू दे.

तिच्या डाव्या बाजूने जाऊ नकोस. तिचा डावा डोळा जवळजवळ आंधळा आहे. माळावरच कधीतरी काटा लागला असेल. वरून काही दिसत नाही, डोळा चांगला काळाभोर आहे. हे मला बाराव्या दिवशी कळलं होतं. हॉलिसला मी सांगितलं होतं, आणि तो ही गोष्ट जिवापाड जपायचा. आम्ही दोघंही कायम उजवीकडून जायचो, आधी आवाज देऊन.

तुला लिहिताना मी 'उजव्या' लिहिणार होते. हात थांबला. मग 'डाव्या' लिहिलं. विसरून नाही. तुझं नखही दुखावं असं मनात नव्हतं, हे तू मानशील न मानशील. तिने तुला झिडकारावं, एवढंच मला हवं होतं. तुला हॉलिस मिळाला याचं मला काही नव्हतं. पण तू तिच्याजवळ बसतेस, तिचे श्वास मोजतेस, हे वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. दहा तारखेच्या पत्रात सांगता आलं असतं. तेव्हाही नाही सांगितलं.

काय झालंय ते कळव. नुसतं 'ठीक आहे' लिहिलंस तरी चालेल.

आयडेल


स्टोनी फ्लॅट
९ नोव्हेंबर

आयडेल,

अक्षर वाचून घे, डाव्या हाताने लिहिते आहे.

सोळा ऑक्टोबरला, अठ्ठाविसाव्या दिवशी, ती हाताच्या अंतरावर आली. मी उठले आणि तू सांगितलंस तसं डाव्या खांद्याकडून गेले. हात लागताच ती गर्रकन वळली. लाथ नाही मारली, तिच्या मागच्या अंगाचा धक्का बसला आणि मी वाडग्याच्या फळ्यांवर जाऊन आदळले. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. एल्कोच्या दवाखान्यात नऊ दिवस होते.

ऑर्व्हल येईपर्यंत मी तासभर तिथेच पडून होते. माझ्या पुस्तिकेची पानं सुटून वाऱ्यावर उडत होती. एक पान तिच्या डाव्या गालाजवळून गेलं, तिने कानही हलवला नाही. तेच पान फिरून उजवीकडे आलं, तशी ती हातभर उडाली. मी जमिनीवरून बघत होते, बघण्याखेरीज दुसरं काही करता येत नव्हतं. मला कळलं की तिला तिकडचं दिसत नाही. आणि तिच्यापाशी शेहेचाळीस दिवस बसलेल्या बाईला हे ठाऊक नसणं शक्य नाही, हेही कळलं.

ऑर्व्हल ट्रकमधून बंदूक घेऊन आला होता. मी म्हटलं, "तिचा दोष नाही." तो म्हणाला, "मग कुणाचा?" मी सांगितलं नाही.

मी मुद्दाम उत्तर लिहिलं नाही. तू कळवतेस की नाही, ते बघायचं होतं. एकोणीस दिवस लागले तुला.

आता माझं ऐक. हॉलिसने मला त्या दिवसांची गोष्ट सांगितली म्हणून मी त्याच्यावर भाळले. म्हणजे भाळले तुझ्या धीरावर, आणि लग्न केलं त्याच्याशी. हे पचवायला मला बरगड्यांपेक्षा जास्त दिवस लागतील. पण गेल्या सात हिवाळ्यांत तिचे दात झिजले म्हणून रोज पहाटे लसूणघास कोमट पाण्यात भिजवून घालत होता तो हॉलिसच होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ते तुला खोटं म्हणता येणार नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. पण चीर वर चढत चालली आहे आणि डोंगरावर बर्फ दिसायला लागलं आहे. परत आल्यापासून मी पुन्हा रोज नऊला बसते, ती जवळ येते, पण तिच्या तोंडावर दोराची मोरखी मला एका हाताने घालता येणार नाही. एकवीसला नालबंद येतोय. आदल्या दिवशी ये. पाहुण्यांची खोली झाडून ठेवते.

मर्ना


ट्विन फॉल्स
२६ नोव्हेंबर

मर्ना,

निरोप न घेता निघाले, म्हणून लिहिते.

गाडी चालवत येताना मी सबंध रस्ता एकच चित्र बघत होते. मी फाटकापाशी उतरेन आणि ती खिंकाळत येईल. तू दारात उभी राहून बघशील. हे चित्र मला फार गोड वाटत होतं, त्यात तूही असल्यामुळे जास्तच.

तू दारात उभी होतीस. मी उजवीकडून गेले, नेहमीसारखी हाक मारली. तिने मान वर केली, माझा वास घेतला. तिने मला ओळखलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि मग तिने माझ्याकडे पाठ केली. मी दीड तास बसले. ती एकदाही वळली नाही. न ओळखती तर बरं झालं असतं. तिला कागदावर कुणाचं नाव आहे ते काय कळणार? तिच्या हिशेबी मी गाडीत बसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी नालबंद आला तेव्हा तू गळ्यात हात बांधून, उजवीकडून, ते तेलाचं काहीतरी पुटपुटत गेलीस आणि ती तुझ्याकडे चालत आली. जिने तुझी हाडं मोडली, ती तुझ्या मोडक्या खांद्याला लागणार नाही अशी मान खाली घालून उभी राहिली. मोरखीची गाठ मी मारली, कारण तुला एक हात कमी होता. तेवढंच माझं काम. चारही खूर होईपर्यंत मी नालबंदाच्या हातात हत्यारं देत होते आणि डोळे पुसायला हात रिकामा नव्हता.

नंतर तू आत चहा ठेवायला गेलीस आणि मी निघाले. तुझ्या समोर बसून चहा पिणं मला झेपलं नसतं. तू एक शब्द लागट बोलली असतीस तर बसले असते. तू 'साखर किती' एवढंच विचारलंस.

मला अजून तुझा हेवा वाटतो. हे जाईल असं वाटत नाही. पण तिला बघितल्यावाचून आठ वर्षं काढली, आता पुन्हा तशी काढवणार नाहीत. एप्रिलमध्ये रस्ता मोकळा झाला की येऊ का? कुंपणाबाहेर उभी राहीन.

आयडेल


स्टोनी फ्लॅट
८ डिसेंबर

प्रिय आयडेल,

चीर थांबली. नालबंद परवा येऊन बघून गेला, म्हणाला, वसंतापर्यंत खूर नवा येईल. काल दीड फूट बर्फ पडलं. ती सकाळी स्वतः पाण्यापर्यंत चालत गेली, लंगडली नाही.

तुझा चहा मी ओतून दिला. रागाने नाही, गार झाला होता म्हणून. तू गेलीस तेव्हा मी खिडकीत होते. तुझी गाडी निघाली तशी मिसेस कुंपणाच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे बराच वेळ उभी राहिली. धावली नाही. उभी राहिली. हे तुला सांगायचं की नाही, यावर मी सतरा दिवस घालवले. न सांगणं फार सोपं होतं. तुझी चूक मला किती सहज समजली, ते या सतरा दिवसांत कळलं.

शनिवारी पेंड आणायला दुकानात गेले होते. शेगडीभोवती नेहमीची मंडळी होती. ऑर्व्हलने नव्या पोस्टमास्तरला हॉलिसची गोष्ट सांगायला घेतली, चाळीस दिवस आणि वर्तमानपत्र. मी म्हटलं, "तो हॉलिस नव्हता. त्याची पहिली बायको होती, आयडेल. हॉलिस खाणीवर गेला होता." कुणी हसलं नाही. ऑर्व्हल म्हणाला, "अगं मर्ना, तू काय बोलतेस? मेलेल्या नवऱ्याबद्दल?" मी म्हटलं, "त्याच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं आहे, ते मी सांगेन. हे त्याचं नाही." पेंडीचं पोतं तसंच टाकून मी बाहेर आले. ट्रकमध्ये बसून रडले. तो माझ्यासाठी जसा होता, त्यातला एक तुकडा मी स्वतःच्या हाताने काढून दिला. तुला तो पोचला असेल तर बरं.

एप्रिलमध्ये ये. कुंपणाबाहेर नको उभी राहूस, लोक काय म्हणतील. आत ये. ती कदाचित पुन्हा पाठ करेल. कदाचित नाही करणार. ती तुझ्याकडे आली तर मला फार वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवते.

तरी ये.

मर्ना